दारावर पडलेला फोकस

"हलू नकोस. तू हललीस की लेन्स गोंधळते."

"मग तिलाच बसवा खुर्चीत, बाबा. मी चावी देते."

"बापाला उलट उत्तरं द्यायची हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

बाबा सोळा एमएमचे जुने, चावीवर चालणारे सिनेमाचे कॅमेरे दुरुस्त करायचे आणि दुरुस्त झालेला प्रत्येक कॅमेरा लेकीवर पारखून घ्यायचे. आत फिल्म नेमकी कुठे आहे ते दाखवणारी एक खूण कॅमेऱ्याच्या अंगावर असते. मोजपट्टीचं एक टोक त्या खुणेशी, दुसरं तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी. तेवढं अंतर लेन्सवर लावायचं आणि चावी संपेपर्यंत फिल्म फिरवायची. पूर्वी खुर्चीत आई बसे. आई गेल्यावर लेक बसू लागली. तेव्हापासून दोघांचं बोलणं व्हायचं ते या पट्टीच्या दोन टोकांवरून. थट्टामस्करी भरपूर, पण पट्टी सोडून पुढे कुणी येत नसे.

त्या दुपारीही ती पुस्तकाच्या पानात बोट घालूनच बसली होती. "उरका हो," ती म्हणाली, आणि बाबांनी घाईघाईने लेन्स फिरवून बसवली. रात्री भाजीत मीठ जास्त पडलं, त्याचं खापर दोघांनी एकमेकांवर फोडलं. सकाळी बाबा उठले नाहीत.

महिन्याभराने फिल्म धुणारे काका त्या दुपारचं रीळ घेऊन आले. बाबांचे जुने दोस्त.

"तुझा बाप चुकला बरं का," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "लेन्सच्या बैठकीखाली कागदासारखी पातळ पितळी चकती असते. पुसायला काढली आणि परत घालायची राहिली. लेन्स केसभर आत गेली, फोकस पडला तुझ्या पाठीमागे. तू म्हणजे नुसतं धुकं. दार मात्र काय सुरेख आलंय."

"दारच?"

"दारच. बंद दार. भेटू दे कुठे, सोडत नाही त्याला."

ते गेल्यावर तिने पडदे ओढले आणि प्रोजेक्टर लावला. काका म्हणाले तसंच होतं. पुढे करड्या डागासारखी ती, मागे याच खोलीचं दार, कडीवरचा ओरखडाही दिसावा इतकं स्वच्छ. तिने रीळ परत गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. या वेळी दार थोडं उघडं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. खोलीतलं दार बंद होतं.

तिसऱ्यांदा उंबऱ्यात बाबा उभे होते. चौकडीचा सदरा, खिशात पेचकस, गालावर दाढीचे खुंट. कॅमेरा त्या दिवशी त्यांच्याच हातात होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती घाबरली नाही. आधी तिने त्यांचा चेहरा पोटभर पाहून घेतला.

चौथ्यांदा ते पाऊलभर पुढे आले, आणि सदऱ्याच्या चौकड्या एकमेकींत विरघळल्या.

मग तिच्या लक्षात आलं. फोकस होता तो फक्त दारापाशी. तिच्या खुर्चीकडे ते जितके येतील तितके पुसट होत जाणार, आणि अगदी जवळ आले की तिच्यासारखेच धुकं. रीळ इथेच थांबवलं तर निदान हा अर्धामुर्धा चेहरा हाती राहणार होता. रीळ डब्यात घालून तिने झाकण लावलं. पुन्हा काढलं.

पाचव्यांदा ते खोलीच्या मध्यावर आले आणि थांबले. डोळे दिसत नव्हते. नुसती मान एका बाजूला कललेली, आत येऊ की नको असं दारातून विचारताना त्यांची कलायची तशी. ते पुढेही येईनात, मागेही जाईनात. आई गेल्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते असेच तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले होते, आणि तिने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं होतं, "काही हवंय?" काही नाही म्हणून ते परत गेले होते.

फिल्म संपत आली होती. प्रोजेक्टरच्या खडखडाटातून ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला.

"या ना, बाबा. इथे, माझ्याजवळ बसा. मला एकटीला जमत नाहीये."