जिन्यातली पेटी

मित्रांनो, राउटर म्हणून मी आता म्हाताराच. वय विचाराल तर सहा वर्षं, पण आमच्यात ते पुष्कळ झालं. द्रोणागिरीच्या गोदामातून मी बोनकोड्यात राजाबाईंच्या घरी आलो. त्यांनी मला देवघरालगत टांगलं, हळदकुंकू वाहिलं. त्यांची लेक तेजश्री माझ्याच जिवावर शिकली. तेव्हा माझं कोण कौतुक!

आमच्या गल्लीत इमारती अंगाला अंग लावून उभ्या. फोनची रेंज आत शिरत नाही. मोठ्या कंपनीला विचारलं, तर "मॅडम, तुमची गल्ली आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या एकाने वायर टाकली, ती सकाळी कापलेली सापडली. उरला एकटा केबलवाला भैरू. निवड कसली, मित्रांनो? शिळं ते शिळं, पण तेच पानात घ्यायचं.

दोन महिने तेजश्रीला काम नव्हतं. एका गुरुवारी अकराला तिची घरूनच मुलाखत ठरली. साडेदहाला माझा लाल दिवा लागला. भैरू आला, गाल गुटख्याने फुगलेला. चिकट बोटांनी त्याने मला उलटंपालटं केलं. शी!

"डबाच मेलाय काकी. नवा घ्या."

"भैरूदादा, वीसच मिनिटं राहिलीत हो!" तेजश्री म्हणाली.

"मग हॉटस्पॉट लाव ना. टेन्शन कशाला?" म्हणत तो जिन्यात पचकन थुंकला.

गुरुवारी पूजा आटपेपर्यंत राजाबाईंचं मौन असतं. त्यांनी जपमाळ खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "दादा, जिन्यातली वायरींची पेटी उघडा."

"तिला काय धाड भरलीय?"

"उघडा."

दार निखळलेलंच होतं. आत झुरळं, उंदराच्या लेंड्या आणि फटीतून ओघळलेली लाल पिंक. वायरीचं टोक त्यात कुजलेलं. त्याच घाणीतून रोज माझ्या तोंडी घास येत होता!

"पुसा," राजाबाई म्हणाल्या.

"कशानं?"

"तुमच्या रुमालानं."

पुसलं त्याने, तोंड वाकडं करत. नवं टोक जोडलं. अकरा वाजून चार मिनिटांनी मी हिरवा झालो आणि तेजश्रीचं बोलणं संपेपर्यंत पापणीही लववली नाही. नोकरी तिला मिळाली.

मौन मोडलं म्हणून राजाबाई त्या दिवशी निर्जळ राहिल्या. भैरू मात्र उतरताना पुन्हा थुंकला.

मित्रांनो, कनेक्शन घेताना स्पीड विचाराच, पण आधी पेटी उघडून बघा. आणि दाराबाहेरची घाण आपली नव्हे म्हणून ओलांडून जाऊ नका. घरात येणारी वायर तिच्यातूनच येते.