खिडकी क्रमांक एकवरून दिलेलं नाव

आमच्या नोंदणी कार्यालयात दोन खिडक्या शेजारीशेजारी आहेत. एकीवर जन्म, दुसरीवर मृत्यू. मृत्यूच्या खिडकीवर मी बसतो. 'नाव काय ठेवू?' असं मला कुणी विचारत नाही. शेजारी बसणाऱ्या कारकुनांना, म्हणजे आमच्या जन्मवाल्यांना, मात्र रोज विचारतात, कारण पोर चार महिन्यांचं झालं तरी घरात एकमत नसतं आणि फॉर्मवरचा रकाना कोराच असतो.

जन्मवाल्यांनी आपल्या मुलीचं नाव घरीच बनवलं होतं. स्वतःच्या नावातली दोन अक्षरं, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, नावातलं एक. शब्दकोशात ते नव्हतं, अर्थही नव्हता. मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली. नोंद माझ्याच खिडकीवर झाली. जन्मवाले रांगेत उभे राहिले, आतल्या दाराने आले नाहीत.

दीडेक वर्षाने एक जोडपं त्या कोऱ्या रकान्यावरून हमरीतुमरीवर आलं. जन्मवाले म्हणाले, "एक सुचवू का?" आणि आपल्या मुलीचं नाव सांगितलं. तिथून सुरुवात झाली. कुणी अर्थ विचारला की ते समोरच्याचा चेहरा बघत. शिक्षिकेला त्यांनी 'विद्या' सांगितला, हवालदाराला 'शांतता', घामाघूम ट्रकवाल्याला 'झुळूक'. तिघेही खूश. एरवी माणूस इतका काटेकोर, की टाचणी दिली तरी सही घेई.

बघता बघता नावाने हातपाय पसरले. बालवाडीत तिघी झाल्या, मग सात. गेल्या महिन्यात वर्तमानपत्राच्या पुरवणीत गावच्या लाडक्या नावांवर लेख आला, त्यात हे तिसरं. आकडे अर्थात जन्मवाल्यांनीच पुरवले होते. एका प्राध्यापकांनी नावाचं मूळ दोन हजार वर्षं मागे नेऊन ठेवलं. 'ती गेली, पण नाव लोकांनी आपणहून उचललं,' असं वहिनी येईल त्याला सांगत. तेवढ्यावर त्या पुन्हा दोन घास खाऊ लागल्या होत्या.

मंगळवारी जन्मवाले चष्मा घरी विसरले. वहिनी तो द्यायला आल्या, तेव्हा ते एका बाईंना सांगत होते, "फार चाललंय हे नाव. अर्थ? चांदण्याची पहिली रेघ." बाईंच्या मागे कोण उभं आहे, ते त्यांना दिसलं नाही. मी खोकलो, पण उशिरा.

बाई फॉर्म भरून गेल्या. वहिनींनी चष्मा खिडकीत ठेवला.

"अहो, असं किती जणांना सांगितलंत?"

"अगं, एखाददुसऱ्याला..."

"खोटं नका बोलू. एकाने तरी आपल्या मनाने ठेवलंय का? एकच दाखवा."

जन्मवाल्यांनी चष्मा लावून चार वर्षांची रजिस्टरं काढली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, जेवायची सुट्टी झाली का?" त्रेसष्ट नोंदी होत्या. प्रत्येकीवर ते बोट ठेवत, आठवत आणि पुढे सरकत. मध्ये ते महिनाभर आजारी होते. त्या महिन्याची पानं त्यांनी दोनदा चाळली. तिथे एकही नव्हती.

"आहे ना," ते शेवटी म्हणाले. "एक आहे."

"कुणाची?"

मी साक्ष देईन या आशेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

वहिनी वळल्या. "रात्री तुमचं तुम्ही वाढून घ्या," म्हणाल्या, आणि गेल्या.