शेवटच्या गाडीला आलेली गर्दी

जपानच्या डोंगरातल्या कामिनेझावा स्टेशनावर एरवी कुत्रंही उतरत नाही. त्या सकाळी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"इतकी माणसं आपल्या लग्नालाही नव्हती," तोकुजी म्हणाला.

"लग्नात जेवण होतं. इथं नुसतं फुकटचं रडं आहे," किनुए म्हणाली आणि नवऱ्याचं कोपर धरून त्याला पुढे रेटू लागली.

तोकुजीचे सुजलेले पाय बुटात मावत नव्हते. मूत्रपिंडं गेलेली, दिवसाआड खालच्या शहरात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं. परवा वादळामुळे गाडी आलीच नाही, ती खेप चुकली. आज चुकवलीत तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. दवाखान्यात खाट राखून ठेवली होती. घाटरस्ता बर्फाखाली. खाली जाणारी गाडी दिवसाला एकच, आणि उद्यापासून तीही बंद. प्रवासीच नाहीत म्हणे! ही दोघं इतकी वर्षं चढत होती, ती बहुधा माणसांत मोडत नसावीत.

आज मात्र सगळा देश गाडीला निरोप द्यायला आला होता. एक दाढीवाला फलाटावरच्या पाटीला मिठी मारून हुंदके देत होता. किनुएने बाकड्यासाठी शिवलेल्या गाद्या कुणीतरी आठवण म्हणून लांबवल्या होत्या. आजारात पाणी पाजायला कुणी फिरकत नाही, मयताला मात्र गर्दी लोटते.

गाडी आली. एकच डबा, वरच्या स्टेशनांवरूनच ठासून भरलेला.

"अहो, आज कुणाला वाट देऊ नका. पाया पडते तुमच्या."

"कळतंय गं मला."

दार नेमकं त्यांच्यापुढेच उघडलं. मागची कॅमेरेवाली पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी."

आणि जन्माची सवय म्हाताऱ्याच्या पाठीत वाकली. "नाही नाही, तुम्ही लांबून आलात. आधी तुम्ही."

पहिल्या आग्रहाला नाही म्हणायचं, दुसऱ्याला हो म्हणायचं, ही त्या डोंगरातली रीत. तोकुजी मान लववून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिला. पोरगी "आभारी आहे" म्हणून चढली. तिच्यामागून बाकीचे घुसले.

"थांबा! माझ्या माणसाला दवाखान्यात जायचंय!" किनुए ओरडली. कॅमेऱ्यांच्या खटखटीत आणि गाडीच्या जयजयकारात ते कुणाला ऐकू जाणार? ओळखीचा चालक माणसांच्या भिंतीपलीकडे होता.

गर्दी आवरायला रेल्वेने आजच्यापुरता पाठवलेल्या शिट्टीवाल्याने तिला मागे सारलं. "आजी, रेषेच्या मागे व्हा."

"बाळा, आम्ही इथले नेहमीचे प्रवासी."

"आज सगळेच तसं म्हणताहेत, आजी," तो हसून म्हणाला, उरलेल्या वीतभर जागेत स्वतः चढला आणि दार लागलं.

काचेआडून हातच हात हलत होते. पोरगी त्या दोघांचा फोटो काढत होती. तोकुजीने सुजलेला हात वर केला आणि तोही हलवू लागला.

"खाली घ्या तो हात!" किनुए किंचाळली.

"अगं, वाईट दिसतं," तो म्हणाला.

गाडी बोगद्यात शिरेपर्यंत तो हात हलवत राहिला. मग उघड्या लाकडी बाकड्यावर बसला. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. किनुएने आपला कोट काढून त्याच्याखाली सारला, तर म्हणतो कसा, "नको गं, तू गारठशील."

तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. ती रुळांकडे बघत उभी राहिली.