पालथा पाव

पाव पुन्हा पालथा. सपाट बूड वर, फुगीर पाठ फळीवर टेकलेली, आणि सुरी त्याच्या कुशीला लावून ठेवलेली — घरात जसं काही सांगणारं कोणी उरलंच नाही. मेव्हिसने तो उचलला, सरळ केला, फळीवरचा चुरा तळहाताच्या कडेने गोळा केला. बत्तीस वर्षांचा घोडा. चालायला लागला तेव्हापासून सांगत आले, आणि आता हे. पालथा पाव म्हणजे पालथी बोट. या रस्त्यावर ज्यांच्या घरातला एकही माणूस कधी पाण्यावर गेला नाही त्यांनासुद्धा एवढं कळतं, आणि याचा तर बापच... पण ते नको. आज तर नकोच.

आज ग्लेन जाणार होता. दुपारच्या बसने गोदीवर आणि तिथून बोटीने हॉलंडला. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात त्याने काम धरलं होतं. इथे बारा वर्षं कॅराव्हॅनच्या, त्या चाकांवरच्या घरांच्या, भिंती ठोकल्या, तिथेही त्याच ठोकणार. मग इथे काय वाईट होतं, असं तिने विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

वरच्या खोलीत त्याची पावलं वाजत होती — कपाटाकडे, खिडकीकडे, पुन्हा कपाटाकडे. मेव्हिसने किटली ठेवली. सोमवार म्हणजे धुण्याचा वार, पण आज अंगातून सोमवार गेल्यासारखं वाटत होतं. चाळीस वर्षं सोमवारी सकाळी या हातांनी कपडे बडवले, पण घरातला माणूस पाण्यावर निघतो त्या दिवशी कपडे धुवायचे नसतात. धुतले की तोच धुवून निघतो. कधी येशील म्हणून विचारायचं नसतं. आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन हात तर हलवायचाच नसतो — समुद्राला वाटतं, आपल्यालाच बोलावताहेत. मग बाईने करायचं काय? पाठ फिरवायची आणि भांड्यांत हात घालायचे. तिचा नवरा अर्नी गेला त्या सकाळी तिने... तीन पोरी घरात, चौथं पोटात, आणि एवढा मोठा माणूस त्या कोपऱ्यावर इतका लहान दिसायला लागला की हात आपोआपच वर गेला. एकदाच. नीट हलवलासुद्धा नाही. पुढे बोटीची एक फळी तेवढी सापडली.

ही गोष्ट तिने जन्मात एकाच माणसाला सांगितली होती. ग्लेन चौदा वर्षांचा असताना, त्याने विचारलं म्हणून. पोरींनाही नाही.

मागच्या अंगणात ती कचरा टाकायला गेली तर भिंतीवरून शेजारच्या आयव्हीचं डोकं वर आलंच. आयव्हीचं डोकं म्हणजे बंदरावरचा भोंगा, वेळ चुकवायची नाही.

"काय गं मेव्हिस, दोरी रिकामी? निघाला वाटतं हिरो?"

"तुझी दोरी भरली ना? मग तिच्याकडे बघ. त्या चादरीला मधोमध भोक पडलंय."

"काल टीव्हीवर त्याचा शेवटचा भाग बघताना आमचा म्हातारा रडला गं! आणि तो पाव! रोज सकाळी आपला उठतोय, पाव सरळ करतोय, आणि ते मेले रोज पालथा घालून ठेवताहेत... हसून हसून माझी दातांची कवळी निघाली."

"कवळी निघाली तेव्हा तोंड मिटायचं होतंस. संधी होती."

आयव्ही हसली. तिला टोचलेलं कळत नाही, हा तिचा जुना गुण. मेव्हिस आत आली आणि तिने दार लावून घेतलं. दहा रविवार. दहा रविवार सगळा देश त्या पावाला हसला — आणि तो पाव त्यांच्या हातात दिला कोणी?

वसंतात आली होती ती टीव्हीवाली पोरगी. झगझगीत बूट, हातात कागदांची चवड, आणि पहिल्याच वाक्याला "मेव्हिस". तिच्या आईच्या वयाची मी, आणि मेव्हिस! मिसेस थर्स्क म्हण, असं बजावलं तेव्हा कुठे खुर्चीत नीट बसली. मग तिने गोड आवाजात सगळं सांगितलं. एक मोठं घर असेल. त्यात नऊ जण राहतील, दर आठवड्याला एकाला बाहेर काढतील, शेवटी उरेल तो जिंकेल. ग्लेनने आपल्या हाताने अर्ज केलाय, त्याची निवड झालीये. फक्त एवढंच, की बाकीचे आठही जण पगारी नट असतील. भांडणं लिहिलेली, प्रेमं लिहिलेली, स्पर्धाही खोटी. हे टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल. एकट्या ग्लेनला नसेल.

"म्हणजे माझ्या पोराला येडा बनवणार."

"उलट, मिसेस थर्स्क! सगळे खोटे असताना एकटा माणूस किती खरा वागतो, हेच तर दाखवायचंय. शेवटी तोच हिरो."

इथेच चुकलं. हिरो या शब्दाला नाही भुलले मी — पण कोणीतरी बघावं, असं वाटलं. बायको सोडून गेली तरी तिच्या आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करून देणारा माझा पोरगा... कारखान्यात ठोकठोक करून मुकाट घरी येणारा... त्याला एकदा कोणीतरी बघावं, आणि त्याला वाढवणारीलाही बघावं. हो, तेही होतंच. मग जीभ सुटली. तो लहानपणी कसा होता, कशाला भितो, पाव कसा सरळ करतो. पोरगी भराभर लिहून घेत होती आणि मी आपली सांगतेय, चहा ओततेय, सांगतेय. हात हलवण्याचं मात्र नाही सांगितलं. ते काय चहाबरोबर द्यायचं असतं?

शेवटी तिने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. घरात सहाव्या आठवड्यात घरचं पत्र देतात, आम्ही तुमच्या वतीने मसुदा केलाय, वाचून बघा आणि सही करा. आता वाचून बघायचं म्हणजे बोट लावून, ओठ हलवत, एकेक शब्द सोडवत... चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती थेट मासेमारीची जाळी विणायच्या माडीवर. सुतळीच्या गाठी अंधारात मारून दाखवेन, पण अक्षरं अजून अंगावर येतात. त्या झगझगीत बुटांसमोर बोट लावायचं? मेव्हिसने कागदावरून डोळे नुसते फिरवले, "ठीक लिहिलंय," म्हणाली, आणि सही केली. सही तिची झोकदार होती. आयुष्यात तेवढीच अक्षरं तिने घोटली होती.

सहाव्या रविवारी टीव्हीवर ते पत्र आलं. ग्लेन एकटा खुर्चीत बसून ते वाचत होता, बाजूला मंद संगीत, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा असा काही झाला की मेव्हिसने नजर खाली घातली. बाकीचे म्हणत होते, वाच ना मोठ्याने, वाच ना. त्याने घडी घातली आणि पत्र खिशात ठेवलं. मग तो रडला. आईच्या आठवणीने व्याकूळ झाला, असं तो निवेदक म्हणाला. तिलाही तसंच वाटलं होतं — आणि बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला?

आणि काल शेवटचा भाग. दिवे, टाळ्या, "ग्लेन, हे सगळं नाटक होतं", आणि पडद्यामागून ती स्वतः, नव्या निळ्या कोटात, हसत हसत. टीव्हीवर ते हसू बघून तिला कसंतरीच झालं. बाजारात मासे तोलताना काटा मारणाऱ्या बाईचं हसू. ग्लेनने तिला मिठी मारली तेव्हा त्याचं अंग थरथरत होतं. आनंदाने, असं तिने धरलं होतं. ते चित्रण होऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. भाग लागला की वर जाऊन बसायचा. शिव्या दे, आदळआपट कर, ताट फेक — पण हे काय? हे म्हणजे भिंतीबरोबर राहणं. मेव्हिस थकून गेली होती, रागावूनसुद्धा थकून गेली होती. आता तिला एकच कळायला हवं होतं... तो तिच्यामुळे जातोय का? आणि जातोय तर परत... आणि नेमकं तेच आज विचारायचं नव्हतं.

तो खाली आला. पिशवी दाराशी ठेवली, टेबलाशी बसला. तिने चहा पुढे ठेवला, दोन चमचे साखर, ढवळलेला.

"पाव पालथा होता," ती म्हणाली.

"असेल."

"असेल नाही. होता. आज बोटीवर चढायचंय तुला."

त्याने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "सरळ करायला जातो मी, आई. हात लावला की हसू ऐकू येतं. सगळ्यांचं. मग असतो तसाच ठेवतो."

मेव्हिस बसली.

"मीच सांगितलं त्यांना. पावाचं."

"माहितीये. दुसरं कोण सांगणार?"

"चार महिने माहीत आहे आणि तोंडातून शब्द नाही तुझ्या?"

"चार नाही. जास्तच." त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी घातलेला कागद. खाली तिची झोकदार सही. त्याने तो तिच्या हातात दिला नाही. गॅसचं बिल असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, तो नेहमी स्वतःच वाचून दाखवायचा, वर म्हणायचा, ऐक, काय मूर्खासारखं लिहितात. आणि ती म्हणायची, वाच, वाच, माझा चष्मा वर राहिलाय. या खेळात दोघांपैकी कोणीच कधी हरलं नव्हतं. "ऐक," तो म्हणाला. "'माझ्या बाळा, तू निघालास तेव्हा मी दारात उभी राहून, तू दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होते.'"

किटली अजून कुरकुरत होती.

"हे तू लिहिशील?" तो म्हणाला. "तू? मेलीस तरी नाही. मी तिथे खुर्चीत बसलो आणि मला एकदम सगळं दिसलं. त्या घरातली ती विधवा एकाच डोळ्याने रडायची. तो सैनिक, त्याच्या बुटांना कधी चिखल नाही. टोबिन, माझा जिगरी दोस्त, तो बोलण्याआधी नेहमी कॅमेऱ्यावरच्या दिव्याकडे बघायचा. मला वाटलं, उठावं आणि भिंतीला लाथ घालावी. पुठ्ठ्याचीच असणार."

"मग घालायची होती!"

"खाली तुझं नाव होतं ना."

तिला समजलं नाही. मग समजलं, पण हळूहळू, अक्षरं सोडवल्यासारखं.

"मी खोटं पकडलं म्हणालो असतो, तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून?" तो सांगत होता, कंटाळलेल्या आवाजात, जणू कारखान्यातली कटकट सांगतोय. "मग हात हलवण्याचं सांगावं लागलं असतं. बाबांचं. टीव्हीवर. आणि आईने न वाचता सही केली, हेही. म्हटलं, जाऊ दे. चार आठवडे काढू. त्यांना पाव आवडत होता, तर पाव सरळ करत राहिलो. रडायचं होतं, रडलो. शेवटी दचकायचं होतं, दचकलो."

"पण अर्धं रडणं तरी खरं असेल?"

"कुठलं अर्धं, ते आता मलाही सांगता येणार नाही."

म्हणजे चार रविवार — मेव्हिस मोजत होती, मोजवत नव्हतं — चार रविवार ती त्या खुर्चीत बसून त्याच्या भोळेपणाची कीव करत होती, आयव्हीपुढे मान ताठ ठेवत होती, आणि पडद्यावर तो त्या पुठ्ठ्याच्या घरात, सगळ्यांचे डोळे अंगावर घेऊन, एकटा, तिची बोट सरळ धरून बसला होता. पोटचा पोरगा. दचकला आणि तिला कळलं नाही. मिठीत थरथरला आणि तिला कळलं नाही. फसलं कोण मग? सगळ्या देशात ज्या एका माणसाला हे कळायला हवं होतं, तो माणूस निळा कोट घालून हसत होता. तिला वाटलं, आता लाज वाटेल. पण आलं ते दुसरंच, जुनं, जड... त्या कोपऱ्यावर हात वर गेला होता तेव्हासारखं. काहीतरी धरायला गेलेला आणि रिकामाच परत आलेला हात.

माफी हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नव्हता.

तो उठला. कप धुतला, उपडा ठेवला. पिशवी उचलली. या घरात जाताना कोणी काही म्हणत नाही, म्हणून तोही काही म्हणाला नाही. फक्त दाराशी क्षणभर रेंगाळला. टेबलावर कागद राहिला होता. तो विसरला की ठेवला, कोण जाणे.

मेव्हिसने रीतीप्रमाणे पाठ फिरवली आणि कोरड्या भांड्यांत हात घातले. दाराची कडी वाजली. आता पाठीमागे गल्ली होती, कोपरा होता. तिने भांड्याची कड घट्ट धरली, आणि मान न वळवता, सगळ्या अंगणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ग्लेन! तुझ्यापेक्षा तो पाव बरा. पालथा पडला, तर निदान मला दिसतो तरी."