खुराड्यातली शेवटची कोंबडी

“आत या गं बायांनो, दिवस बुडाला.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या फळ्यांना नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता. मित्रांनो, मी एक जुनं खुराडं आहे. मोडक्या कपाटाची दारं, सामानाच्या खोक्यांच्या फळ्या आणि डब्यात उरलेले वाकडे खिळे, एवढ्यातून एका सुताराने मला उभं केलं. त्याच्या बायकोला कोंबड्या पाळायच्या होत्या, तो आवाज तिचा. तो कुरकुरला, की कोंबड्यांसाठी बांधतोय की राहायला जायचंय तेच कळेना. ती म्हणाली, आपल्या घराचं दार तरी कुठे इतकं नीट लागतं.

सुतार फार लवकर गेला. त्याच्या हातची वस्तू म्हणून तिने मला जिवापाड जपलं. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, कारण मागच्या खोलीत राहणारा तिचा धाकटा दीर दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करत असतो आणि ऐकून ऐकून सगळ्यांना तीच सवय लागली.

माझं काम काय, तर रोज रिकामं व्हायचं आणि रोज भरायचं. सकाळी दार उघडलं की कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडायच्या. दिवसभर भिंतीच्या कडेची माती उकरायच्या, उन्हात अंग घुसळायच्या, किड्यामागे धावायच्या. कुणी त्यांना बांधलेलं नव्हतं. तरी उन्हं कलली की पायाखालची वाट ओळखून त्या माझ्याकडे परत यायच्या. जे दिवसभर उघडं असतं त्याच दारात कुणीतरी आपणहून परत येतं, यासारखं सुख नाही मित्रांनो. वहिनी दाणे टाकताना गुणगुणायची:

दिवसभर उंडारा गं, चोचीत माती घ्या,
उन्हं कलता कलता, माझ्या दारी या.

अंडी काढताना ती एक अंडं नेहमी गवतात मागे ठेवायची. सगळीच नेली तर कोंबडी ती जागा सोडते, असं तिचं म्हणणं. मागे राहिलेलं ते अंडं माझ्या कोपऱ्यात उबदार पडून असायचं आणि मला वाटायचं, आपण कुणाचं तरी घर आहोत.

गल्लीच्या टोकाला लांबलचक शेड उभी राहिली तेव्हा दीर तिथे कामाला लागला. पत्र्याचं छप्पर, आत एकावर एक पिंजऱ्यांच्या रांगा, दिवा कधी मालवत नाही. रोज संध्याकाळी हातपाय धुताना तो तिथल्या गोष्टी सांगायचा. एकेका कोंबडीला पंख पसरण्याइतकीही जागा नाही. चोचीचं टोक कापलेलं. खालची जाळी अशी उतरती, की अंडं पडताक्षणी घरंगळत पुढच्या पन्हळीत जातं. कोंबडीला आपलं अंडं शिवताही येत नाही. पहिल्या पहिल्यांदा हे सांगताना तो हात पुन्हा पुन्हा धुवायचा. मग तो चेष्टेवर न्यायला शिकला. म्हणायचा, साहेबी थाट आहे वहिनी, जागेवर जेवण, जागेवर पाणी. वहिनी म्हणायची, मग तुम्हीच जाऊन बसा दोन दिवस, मी डबा पाठवते.

आमच्या दाराशी अंड्यांवरून रोज वाद रंगायचा. समोरच्या शिंपीणकाकूंना शेडचीच अंडी हवी. पांढरी, एकसारखी, स्वच्छ. वहिनीच्या अंड्याला चिकटलेली काडी बघून त्या म्हणायच्या, अंडं आहे की शेतातला बटाटा? शाळेतल्या बाई मात्र वडिलांसाठी इथूनच न्यायच्या. म्हातारे गृहस्थ आजारी होते, त्यांना दुसरं काही जात नव्हतं. बाई सांगायच्या, की कोंबडीने दिवसभर काय केलं हे बाबा अंडं खाताना विचारतात, आणि शेडचं अंडं असलं तर मला सांगायला काहीच नसतं. शिंपीणकाकू म्हणायच्या, अहो, पोटात गेल्यावर कोण विचारतं. दोघींचं कधी पटलं नाही, पण भांडणही कधी कडू झालं नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली.

वहिनी दुकानात गेली होती. दीर शेडमधून आला तो पोटाशी गोणपाट धरून. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि गोणपाटातून त्याने एक कोंबडी काढली. कोंबडी कसली, पिसं झडून कातडं दिसत होतं. तुरा फिकट होऊन एका बाजूला लोंबत होता, नखं इतकी वाढलेली की पाय सपाट टेकेना. त्याने तिला माझ्या गवतात ठेवलं आणि अगदी हळू आवाजात, जणू मी नाहीच तिथे, तिला म्हणाला, “तिकडे रोज मरतायत बाई. तू तरी जग.”

मित्रांनो, हे वाक्य मी ऐकलं. दुसऱ्या कुणीही ऐकलं नाही. मला दार आहे, तोंड नाही.

वहिनी आली तेव्हा त्याने सांगितलं, की म्हातारी झाली म्हणून काढून टाकत होते, मागून आणली. वहिनीने कपाळाला हात लावला आणि हसली. तिचं नाव ठेवलं भुंडी.

भुंडीला चालता येत नव्हतं. मातीवर पाय ठेवला की ती चटका बसल्यासारखा वर घ्यायची. ऊन बघून कोपऱ्यात दडायची. बाकीच्या कोंबड्यांनी आधी टोचून पाहिलं, मग सोडून दिलं. हळूहळू ती उंबऱ्यापर्यंत आली. मग उंबऱ्याबाहेर. एक दिवस तिने मातीत अंग टाकलं, डोळे मिटले आणि उरलीसुरली पिसं फुलवली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

म्हातारी म्हणून टाकलेल्या तिने माझ्या गवतात अंडंही घातलं. अंडं पडताच उठून बाजूला सरकली आणि ते घरंगळत जाण्याची वाट बघत राहिली. ते गेलं नाही. तिने मान तिरकी करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कापलेल्या चोचीने त्याला जरासं ढोसलं आणि त्याच्यावर बसली. वहिनीने त्या दिवशी माझ्यातून एकही अंडं काढलं नाही.

तो माझ्या आयुष्यातला शेवटचा चांगला दिवस.

आधी तांबडी गेली. सकाळी दार उघडलं तरी ती उठली नाही. मान पाठीकडे मुरडलेली, चोच उघडी, श्वास घरघरता. मग कबरी. मग एकामागून एक. वहिनी पाण्यात हळद कालवून चोचीत घालायची, मांडीवर घेऊन बसायची, आणि मांडीवरच त्या निपचित व्हायच्या. भुंडीला मात्र काहीच झालं नाही. त्या रोगातून ती आधीच जगून निघाली होती, आणि तो आपल्या अंगावर घेऊन आली होती. सगळ्या तिच्याभोवती मरत होत्या आणि ती भांबावून एकीकडून दुसरीकडे जायची.

माझ्या प्रत्येक फळीत तो आवाज कोंडला होता. तिकडे रोज मरतायत. वाऱ्याने माझी कडी वाजायची तेव्हा मला वाटायचं, आता तरी कुणाला कळेल. पण कडीच्या आवाजाला अर्थ नसतो.

वहिनीने खापर स्वतःवर फोडून घेतलं. पावसात भिजलेले थोडे दाणे तिने टाकायला नको म्हणून वाळवून कोंबड्यांना घातले होते. तेच बाधलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, कुणी विचारलं नसतानाही. तिने मला आतून खरवडलं, चुना फासला, गवत जाळलं. माझ्या कोपऱ्यात डोकं घालून ती रडली तेव्हा मला तिचे अश्रू गळ्याजवळ पडल्यासारखे वाटले, खरं तर मला गळा नाही.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. मेलेल्या कोंबडीची मान उचलून पाहिली आणि म्हणाले, ही मानमोडी आहे, साथीचा रोग आहे. बाहेरून कुठली कोंबडी आणली होती का? वहिनीने भुंडीकडे बोट दाखवलं. डॉक्टर दिराकडे वळले आणि त्यांनी सरळ विचारलं, शेडमध्ये काही मरतुक आहे का.

दीर माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा हात माझ्या छपरावर होता. तो हात घामेजला, माझ्या लाकडाला तो ओलावा कळला.

“नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे सगळं ठीक आहे.”

मग डॉक्टरांनी दुसरं काय म्हणावं? मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या, कावळेचिमण्यांत वावरतात, उकिरडा उकरतात, इथेच कुठेतरी लागण झाली असेल. उरलेली मारून टाका, खुराडं मोडा, पुन्हा पाळू नका. ते गेले आणि त्यांच्यामागे ही बातमी गल्लीभर गेली. शिंपीणकाकूंनी काही टोमणा मारला नाही, उलट वहिनीसाठी कालवण आणून ठेवलं. पण जाताना म्हणाल्या, शेवटी बंदिस्त ते बंदिस्त, तिथे निगा असते. शाळेतल्या बाईही आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, बाबांच्या तब्येतीचं भय वाटतं हो. दुसऱ्या दिवशी त्या शेडची अंडी घेऊन आमच्या दारावरून गेल्या. त्यांच्या बाबांनी त्या दिवशी काय विचारलं असेल?

वहिनी म्हणाली, “त्यांनी बांधलं ते आता मी माझ्या हाताने मोडायचं.” आणि दोन दिवस जेवली नाही.

मित्रांनो, तुम्ही अंडं हातात घ्याल तेव्हा एवढं विचारा, की हे जिने घातलं तिने ऊन पाहिलं होतं का. विचारायला पैसे पडत नाहीत. मोकळं सोडलं म्हणजे दुखणं येत नाही असं मी म्हणणार नाही, माझ्या फळ्यांनी नको तेवढं पाहिलंय. पण जिथे जीव दाटीवाटीने कोंबतात तिथलं दुखणं झाकून ठेवायलाही हातभर पत्रा पुरतो. आणि तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल तर ती वेळेत सांगा. माझ्यासारखं लाकूड होऊन उभे राहू नका.

आज सकाळी वहिनी सुताराचा हातोडा आणि पटाशी घेऊन आली. आधी तिने माझ्यातून भुंडीला बाहेर काढलं. भुंडीच्या मानेवर आता कोवळी पिसं आली आहेत. वहिनीने ती बोटाने सारखी केली आणि दिराला हाक मारली. तो कामावर निघाला होता, हातात डबा होता.

“हिचं तुम्ही काय ते करा, भाऊजी,” ती म्हणाली. “हिच्या मानेला माझा हात लागायचा नाही. तुम्हाला तिकडे सवय असेल.”

त्याने डबा खाली ठेवला आणि भुंडीला घेतलं. ती त्याच्या काखेत मान घालून निवांत बसली. वहिनीने पटाशी माझ्या दाराच्या बिजागरीत घातली आणि हातोडा उचलला. पहिला घाव बसला. मी कळवळलो. दुसऱ्यासाठी तिचा हात वर गेला, आणि तो त्याने धरला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो भुंडीकडे बघत होता.

“वहिनी, दाण्यांचं काही नव्हतं,” तो म्हणाला. “हिच्या रांगेतल्या सगळ्या मेल्या होत्या. हिलाही मारायला सांगितलं होतं मला. माझ्याने झालं नाही, म्हणून इथे आणली. तिकडे अजून मरतायत. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं.”