जयंतचा उजवा कान

जयंतचा उजवा कान डाव्यापेक्षा थोडा पुढे आलेला आहे. एकदा मी प्रयोगशाळेतल्या कॅलिपरनं मोजून पाहिलं. फरक तीन मिलिमीटरचा निघाला. "पिळायला सोयीचा," तो म्हणाला. मी हसले, आणि लग्नाचा विषय पुन्हा पुढे ढकलला गेला.

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, अशी ती ताकीद. माझा भाऊ उदय मात्र तुरुंगात होता. सोळाव्या वर्षी तो इथे, लंडनजवळच्या स्लाऊ स्टेशनबाहेरच्या मारामारीत सापडला. त्यात एक मुलगा जिवानिशी गेला. चाकू उदयच्या हातात नव्हता, पण तो सोबत होता, म्हणून खुनाचा गुन्हा त्याच्यावरही शाबीत झाला. खुनाची शिक्षा ठरलेली, जजलाही ती बदलता येत नाही: राणीची मर्जी असेल तोवर कैद. किमान नऊ वर्षं, हा आकडा गृहमंत्र्यांनी घातला. त्यानंतरही सुटेलच, असं नव्हे.

"इल्फर्डचा तुझा चुलतभाऊ पिळेल की," जयंत म्हणायचा.

"तुला चालेल. मला नाही."

तो कधी रागावला नाही. दर भेटीला मिल्टन कीन्सहून गाडी घेऊन यायचा आणि मला तुरुंगापर्यंत न्यायचा.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये उदय सुटला. शनिवारी सकाळी आई थालीपिठं लावत होती आणि तो तव्याशेजारी उभा राहूनच खात होता.

"बस तरी, राजा."

"बसून खूप खाल्लं, आई."

तेवढ्यात जयंत आला. उदयनं हात पुसले. "ताई, कुठला कान?"

"उजवा," मी म्हणाले.

त्यानं तो धरला आणि चांगला पिळला.

"अरे, हे लग्नात असतं," जयंत कळवळला. "तुझ्या बहिणीनं अजून हो कुठं म्हटलंय?"

"मग प्रॅक्टिस समज. आतमध्ये सगळे कोर्सेस होते, हा एकच नव्हता."

आई इतकी हसली, की तव्यावरचं थालीपीठ करपलं. उदय काही कान सोडेना.

"किमान किती वेळ, ते तरी सांग," जयंत म्हणाला.

"मिनिमम वगैरे नाही. ताईची मर्जी असेल तोवर."

दोघंही माझ्याकडे बघत होते. कान लालबुंद झाला होता.

"सोड त्याला," मी म्हणाले. "जूनमध्ये लग्न करतोय आम्ही."