नोसिकूच्या गालावर थापलेलं मलम

मी एक जुनी, चेपून चपटी झालेली, नायट्याच्या मलमाची ट्यूब आहे. मित्रांनो, माझा जन्म गजकर्ण बरं करण्यासाठी झाला, पण माझ्याच हातून एका मुलीचा डोळा जायची वेळ आली होती.

मोंगू शहरातल्या होड्यांच्या धक्क्यावरच्या दुकानातून नोसिकूने मला घेतलं. माझ्यासोबतचा सूचनांचा कागद तिच्या थोरल्या बहिणीने, नामाकाऊने, न वाचताच चुलीत घातला. सितुंबेकोशी लग्नाला चार दिवस उरले होते आणि नोसिकूच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, बाटलीच्या बुचाएवढा गोल चट्टा होता.

"नवरीच्या गालावर चंद्र उगवलाय!" नामाकाऊ हसली.

"हसू नकोस ना ताई! सितुंबेकोची आत्या माझं तोंड बघून आल्या होडीने परत जाईल."

"मग एवढंसं काय लावतेस? थाप चांगलं!"

नोसिकूने ब्रशने घासून घासून गाल सोलवटून घेतला. वर मला थापलं, प्लॅस्टिक लावलं आणि रुमालाने करकचून बांधलं. दिवसातून सहा-सात वेळा. त्याच बोटांनी ती डोळे पुसायची. "अगं, थांब!" मी आतल्या आत आक्रोश करत होते. पण ट्यूबचा आवाज कोणाला ऐकू येतो?

तिसऱ्या दिवशी गालावर फोड आले, डोळा सुजून मिटला.

"ताई, मला दिसत नाही गं!"

नामाकाऊचं हसू पळालं. गावाभोवती पसरलेल्या पुराच्या पाण्यातून तिने दवाखान्याकडे वेड्यासारखी होडी वल्हवली. नोसिकूच्या मुठीत मी चिरडली जात होते.

दवाखान्यात लिसेली नर्सबाईंनी कितीतरी वेळ डोळा धुतला.

"वर काय बांधलं होतंस?"

"प्लॅस्टिक."

"पोरी, हे मलम आहे, भिंतीचा गिलावा नाही! आता हे बंद. कातडी भरून आली की मला दाखव. मग दिवसातून दोनदा, पातळ. डोळ्यापासून लांब. लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत लावणं थांबवायचं नाही. तीन-चार आठवडे लागतील."

"चार आठवडे? लग्न परवा आहे!" ती ज्या आवाजात रडली, तो मी विसरू शकत नाही.

लग्न पुढे गेलं. डोळा हळूहळू उघडला, पण नोसिकू घराबाहेर पडेना. एक दिवस सितुंबेको आला. तिने रुमालाने तोंड झाकलं. त्याने बाही वर केली. दंडावर तसेच तीन गोल चट्टे होते.

"वासरांपासून झालेत. दोन महिने झाले. सांगायची लाज वाटली."

"म्हणजे हे मला तू दिलंस?" तिने मलाच त्याच्या अंगावर फेकलं.

त्याने मला उचललं आणि स्वतःच्या दंडाला लावायला तो झाकण फिरवू लागला. नोसिकूने झडप घालून मला हिसकावलं.

"हात लावू नकोस! तुझी वेगळी आण. आणि जा, आधी नर्सबाईंना दाखव."

मित्रांनो, पुढच्या महिन्यात, दोघं बरी झाल्यावर, त्यांचं लग्न लागलं. गालावर फिकट डाग राहिला आहे. माझ्यासारख्या कितीतरी ट्यूबा आज कोणाच्या तरी घाईच्या बोटांत असतील. त्या ओरडत असतील. त्यांच्यासाठी एवढं करा, लावण्याआधी कोणा जाणत्याला विचारा.